र्‍योको तानी यांची ज्युडो कारकीर्द

तानी, र्‍योको : (६ सप्टेंबर १९७५). महिलांच्या ४८ किलो वजनगटातील जपानी ज्युडोपटू. माहेरचे आडनाव तामुरा. जन्म फुकुओका येथे. सलग पाच ऑलिंपिकमध्ये (१९९२ ते २००८) पदक मिळवताना त्यांनी दोन सुवर्ण, दोन रौप्य आणि एक कांस्य अशी कमाई केली, तर जागतिक अजिंक्यपद सात वेळा पटकावले. सर्वांत हलक्या वजनगटात चपळाईवर भिस्त असते आणि वयाबरोबर ती ओसरते. म्हणून या पदकांच्या संख्येपेक्षाही सोळा वर्षांचे सातत्य अधिक थोर मानावे लागते.

तानी यांची उंची १४६ सेंमी. उंच प्रतिस्पर्धी वरून पकड घेऊन त्यांना दाबू पाहत. पण हीच ठेंगणी चण ‘सेओई-नागे’ या डावात त्यांच्या पथ्यावर पडली. या डावात प्रतिस्पर्ध्याची बाही व गळपट्टी धरून त्याचा तोल पुढे ओढायचा, क्षणात पाठ वळवून गुडघे वाकवत त्याच्या कमरेखाली शिरायचे आणि पाठीवरून त्याला समोर फेकायचे असते. ज्याला मुळात फारसे वाकावेच लागत नाही, त्याचा या हालचालीतला निर्णायक अर्धा क्षण वाचतो.

१९९० साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्यांनी चार वेळा विश्वविजेती ठरलेल्या ब्रिटनच्या करेन ब्रिग्ज यांना नमवून फुकुओका येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. महिला ज्युडोला ऑलिंपिकमध्ये अधिकृत स्थान प्रथमच मिळाले ते १९९२ साली बार्सेलोना येथे. तेथे अंतिम फेरीत फ्रान्सच्या सेसिल नोवाक यांच्याकडून त्या हरल्या. त्यानंतर सलग ८४ लढती जिंकून त्या १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या, आणि विशेष प्रवेशिकेवर आलेल्या उत्तर कोरियाच्या सोळा वर्षीय के सुन-हुई यांनी तेथे ही मालिका खंडित केली. दोनदा सुवर्ण हातचे गेल्यावर २००० साली सिडनीला अंतिम लढतीत रशियाच्या ल्युबोव्ह ब्रुलेतोव्हा यांना त्यांनी मिनिटभराच्या आत ‘इप्पोन’ने, म्हणजे पूर्ण गुण देणाऱ्या निर्णायक फेकीने, हरवले.

१९९३ ते २००३ या काळातील सहाही जागतिक अजिंक्यपदे त्यांच्याकडेच राहिली. डिसेंबर २००३ मध्ये बेसबॉलपटू योशितोमो तानी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी, घोट्याच्या दुखापतीतून सावरत, त्यांनी अथेन्स येथे फ्रान्सच्या फ्रेदेरिक जोसिने यांना हरवून दुसरे सुवर्ण मिळवले. २००५ च्या अखेरीस मुलाचा जन्म झाल्यानंतर त्या पुन्हा मॅटवर उतरल्या आणि २००७ साली रिओ द जानेरो येथे सातव्यांदा विश्वविजेत्या झाल्या.

शेवटच्या पर्वात संघनिवडीवरून वाद झाला. २००७ च्या राष्ट्रीय स्पर्धेत तोमोको फुकुमी यांनी आणि २००८ मध्ये एमी यामागिशी यांनी त्यांना अंतिम फेरीत हरवले होते. तरीही आंतरराष्ट्रीय कामगिरी लक्षात घेऊन दोन्ही वेळा निवड तानी यांचीच झाली. रिओतील सुवर्णाने पहिल्या निर्णयाचे समर्थन झाले खरे, पण जिंकूनही डावलल्या गेलेल्या खेळाडूंवर अन्याय झाला, ही टीका रास्तच होती. बीजिंग येथे उपांत्य फेरीत रोमानियाच्या अलिना दुमित्रू यांच्याविरुद्ध अखेरच्या क्षणी मिळालेल्या ताकिदीमुळे त्यांना हार पत्करावी लागली. त्यानंतरची लढत इप्पोनने जिंकून त्यांनी कांस्यपदक मिळवले.

जुलै २०१० मध्ये त्या जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर निवडून आल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी स्पर्धात्मक ज्युडोतून निवृत्ती जाहीर केली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये या गटातील जागा फुकुमी यांना मिळाली, मात्र त्यांचे पदक हुकले. ४८ किलो गटातील ऑलिंपिक सुवर्ण जपानकडे परतले ते २०२४ साली पॅरिस येथे, नात्सुमी त्सुनोदा यांच्या विजयाने.