सँड मॉडेल आणि ओळख-मॉडेल: मागणी नोंदवण्यापूर्वी हे वाचा

सँड मॉडेल म्हणजे मेजावर वाळूत उभा केलेला भूभाग; ओळख-मॉडेल म्हणजे विमान आकारावरून ओळखायला शिकवणारी त्याची छोटी प्रतिकृती. मॉडेल किती मोठे हवे, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा: शिकणारा ते किती अंतरावरून आणि कोणत्या कोनातून पाहणार? लष्करी शिक्षणात मॉडेल साडेतीनशे वर्षे वापरात आहेत, आणि ती जिथे उपयोगी पडली तिथे हा हिशोब आधी झालेला दिसतो.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या काळात, १६६८ पासून, युद्धमंत्री लुव्हा याने तटबंदीच्या शहरांची १:६०० प्रमाणातली मॉडेल बनवून घेतली. त्यात शहराबाहेरचा, तोफेच्या पल्ल्यातला परिसरही असे. वेढ्याचा विचार त्याशिवाय होऊच शकत नव्हता. प्रशियात (जुन्या जर्मन राज्यात) राइसविट्झ पितापुत्रांपैकी वडिलांनी युद्धखेळासाठी, म्हणजे मेजावर लढाई खेळून शिकण्यासाठी, आधी ओली वाळू वापरली. १८१२ मध्ये राजाला दिलेल्या मेजावर भूभागाचे सुटे तुकडे हवे तसे जुळवता येत. ते देखणे होते, पण अवजड. त्यांच्या मुलाने १८२४ मध्ये तोच खेळ १:८००० च्या नकाशावर आणला, तेव्हा कुठे तो सैन्यात पसरला. मॉडेल हलवता येत नसेल तर ते एकाच खोलीपुरते राहते, म्हणून खोलीचे दार किती रुंद आहे हे आम्हाला जरूर कळवा.

पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, फ्रान्समधील व्हिमीच्या टेकडीवरील हल्ल्यापूर्वी कॅनडाच्या सैनिकांनी मॉडेल तर पाहिलेच, शिवाय आघाडीमागे फिती आणि निशाणे लावून आखलेल्या पूर्ण आकाराच्या मैदानावर चालून सराव केला. मॉडेल वरून दिसते, सैनिक मात्र जमिनीवरून पाहतो. ही दरी भरण्यासाठी चालण्याचा सराव लागतोच. नुसत्या मॉडेलवर भागवू नये.

सँड मॉडेल

२ मीटर × १.५ मीटरच्या मेजात १० सेंटिमीटर वाळू भरली की साधारण ४८० किलो वजन होते, तेही वाळू कोरडी असताना. म्हणून मधोमध आधार हवाच. चार पायांवर फळी वाकते आणि तळाला पाणी साचते. तळाला जाड प्लॅस्टिक अंथरा. वाळू बारीक, चाळलेली आणि गोड्या पाण्यातली असावी. समुद्राच्या वाळूतले मीठ ओल धरते आणि खिळे गंजवते. पाणी फवाऱ्याने थोडे थोडे घाला. मूठ दाबून उघडली की गोळा टिकला पाहिजे, पण बोट लावताच फुटला पाहिजे. वाळू कोरडी पडली की कडे ढासळतात. फार भिजली तर उतार बसतात आणि वर टाकलेल्या रंगीत भुशाला बुरशी येते.

१:५०० प्रमाणात २ मीटर म्हणजे १ किलोमीटर. दोऱ्यांची चौकट १० सेंटिमीटरवर बांधली की एक चौकोन ५० मीटरचा होतो. उत्तर दिशेचा बाण आधी लावा, डोंगर नंतर.

सगळ्यात जास्त चुका उंचीत होतात. खऱ्या प्रमाणात टेकड्या सपाट वाटतात, म्हणून उंची दुप्पट-तिप्पट करतात. ते चालते, पण तिप्पट उंचीत १० अंशांचा उतार २८ अंशांचा होतो. शिकणाऱ्याला हे सांगितले नाही तर चढता येण्याजोगी वाट तो सोडून देतो. कुठून काय दिसते हे पाहायला निरीक्षकापासून लक्ष्यापर्यंत दोरा ताणतात. वाळू दोऱ्याला अडली तर ते लक्ष्य आड गेले. इथे निरीक्षकाच्या डोळ्याची उंचीही तिप्पट धरावी लागते: १.६ मीटर म्हणजे १:५०० ला ३.२ मिलिमीटर, म्हणून टाचणी सुमारे १० मिलिमीटरची. झाडे-घरेही त्याच पटीत, नाहीतर दोऱ्याची चाचणी खोटे सांगते.

कायमचे मॉडेल हवे असेल तर समोच्च रेषांप्रमाणे (नकाशावर सारखी उंची जोडणाऱ्या रेषांप्रमाणे) कापलेले थर एकावर एक चिकटवतात. १:५००० ला १० मीटरच्या अंतराने रेषा असतील तर २ मिलिमीटरचा थर खरी उंची देतो, ४ मिलिमीटरचा दुप्पट. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधील मेडमनहॅमच्या मॉडेल विभागाने थरांच्या अशाच मॉडेलवर हवाई छायाचित्रे चिकटवली. मे १९४३ मधील जर्मनीतल्या म्योने धरणावरील हवाई हल्ल्याच्या तयारीत धरणाचे मॉडेल वैमानिकांपुढे होते.

ओळख-मॉडेल

१९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून १:७२ प्रमाणातली लाकडी विमाने मोठ्या संख्येने करवून घेतली, काळ्या रंगात. रंग काळाच का? दूरच्या विमानाचा रंग दिसत नाही, आकार दिसतो. १० मीटरवर धरलेले १:७२ चे मॉडेल ७२० मीटरवरच्या विमानाएवढे दिसते. हातात देऊन शिकवले तर शिकणारे खुणा आणि रंग पाठ करतात आणि आकाशात गोंधळतात.

आधी पंख, इंजिन, धड, शेपटी अशा क्रमाने भाग तपासायला शिकवत. ओहायो स्टेट विद्यापीठातील सॅम्युअल रेनशॉ यांनी चित्र क्षणभरच पडद्यावर दाखवून पूर्ण आकार एकदम ओळखण्याचा सराव नौदलात आणला, कारण विमान भाग मोजायला थांबत नाही. आमची मॉडेल म्हणूनच मॅट काळी असतात. ती फिकट पार्श्वभूमीवर टांगा, दर वेळी कोन बदला आणि दोन-तीन सेकंदांत झाका.

मागणीसोबत एवढे कळवा: प्रमाण, नकाशाचा तुकडा, उंचीची पट, शेवटच्या रांगेचे अंतर.