थोरली विहीर, धाकटी विहीर

मे महिना लागला की घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत एकच विषय. शेजारच्या नव्या टॉवरने आमच्यापेक्षा खोल बोअर मारली आणि आमचं पाणी पळवलं. यंदाच्या मीटिंगमध्ये एक काका म्हणाले, "अमेरिकेत शेल तेलाचं हेच चाललंय. नव्या विहिरी जुन्यांचं तेल ओढतात." काका रोज सकाळी तेलाचे भाव बघतात, त्यामुळे कोणी वाद घातला नाही. पण तिकडचं प्रकरण बरंचसं उलटं आहे.

आपल्याकडे काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. त्यात पाणी भेगा आणि सांध्यांतून फिरतं. दोन बोअर एकाच भेगेला लागल्या की खोल बोअर आणि मोठा पंप ज्याचा, पाणी त्याचं. जुनीचा पंप मग नुसता घरघरतो. पावसाळ्यात भेगा पुन्हा भरतात.

शेल खडक मात्र इतका घट्ट की त्यातलं तेल आपणहून हलतच नाही. त्यासाठी दोन-तीन किलोमीटर खाली उतरून विहीर आडवी वळवतात, मैल-दोन मैल तशीच नेतात आणि प्रचंड दाबाने पाणी-वाळू मारून खडक फोडतात. भेगा मिटू नयेत म्हणून वाळू. जेवढा खडक फुटला, तेवढ्यातलंच तेल येतं, आणि वरून पाऊस पडला म्हणून त्यात थेंबभरही भर पडत नाही.

टेक्सासमधल्या पर्मियन खोऱ्यात किंवा ईगल फोर्डमध्ये, या शेल तेलाच्या मोठ्या पट्ट्यांत, कंपन्यांनी आधी प्रत्येक तुकड्यावर एखादीच विहीर खणली. कारण साधं होतं: ठरल्या मुदतीत उत्पादन सुरू केलं नाही तर जमिनीचा भाडेपट्टा हातचा जातो. ही थोरली. इंग्रजीत तिला पेरेंट वेल म्हणतात. काही वर्षांनी त्याच तुकड्यावर शेजारी धाकट्या खणल्या, त्या चाइल्ड वेल. मधल्या काळात थोरलीने आपल्याभोवतीचं तेल काढून तिथला दाब उतरवलेला असतो. दाब उतरला की तो खडक फुटायलाही सोपा होतो. धाकटीत पाणी-वाळू मारली की भेगा कोऱ्या खडकाकडे न वळता त्या रिकाम्या बाजूला धावतात. म्हणजे धाकटीने थोरलीचं पळवलं असं नाही, थोरलीने धाकटीच्या वाट्याचा दाब आधीच खाऊन ठेवलेला असतो. शिवाय चांगल्या जागा बहुधा आधीच खणून झालेल्या. म्हणून लांबीच्या मानाने धाकटी सहसा कमी तेल देते.

अर्थात थोरलीही सुखात नसते. धाकटीची वाळू आणि पाणी थेट तिच्यात घुसतं, कधी तिचं उत्पादन बसतं. उत्तर डकोटातल्या बाकेन या शेल पट्ट्यात मात्र अशा धक्क्याने अनेक थोरल्या पुन्हा जोमाने वाहू लागल्या. खडकाखडकाचा स्वभाव!

मग बातम्यांत "नव्या विहिरी जास्त तेल देतात" असं येतं ते खोटं का? खोटं नाही, पण मोजपट्टी बघा. समजा थोरलीची आडवी लांबी ५,००० फूट आणि सुरुवातीचं उत्पादन रोज ५०० बॅरल. धाकटी १०,००० फूट, रोज ८०० बॅरल. आकडा धाकटीचा मोठा, पण दर हजार फुटांमागे थोरली १०० देते, धाकटी ८०. धाकटीत वाळूही जास्त ओतलेली असते, म्हणजे खर्चही जास्त. दुसरी फसगत वयाची. शेल विहिरीचं उत्पादन पहिल्या वर्षातच साधारण ६०-७० टक्के घसरतं. तीन महिन्यांच्या धाकटीची तुलना तीन वर्षांच्या थोरलीशी केली तर धाकटी जिंकणारच. दोघींचे पहिले १२ महिने शेजारी ठेवा, तेही दर फुटामागे.

सगळ्या एकदम खणल्या तर? न्यू मेक्सिकोत काँचो या तेल कंपनीने 'डॉमिनेटर' प्रकल्पात २३ विहिरी एकत्र खणून पाहिल्या. २०१९ मध्ये त्यांना कबूल करावं लागलं की अंतर फारच कमी ठेवलं, आणि शेअर एका दिवसात कोसळला. एकदम खणल्याने कोणी थोरलं उरत नाही हे खरं, पण दाटी केली की सगळ्याच एकमेकींच्या ताटात हात घालतात. आता अंतर वाढवून खणतात, किंवा धाकटीचा खडक फोडण्याआधी थोरलीत पाणी भरून तिचा दाब चढवतात.

आपल्या उरणला ज्या मुंबई हायचं तेल येतं, तिथे दाब टिकवायला समुद्राचंच पाणी आत सोडतात. पण तो चुनखडक, त्यातून तेल वाहतं. शेल घट्ट, त्यामुळे फोडण्याआधी तात्पुरतं पाणी भरणं जमतं, पण सतत पाणी सोडायची ही युक्ती तिथे तशी लागू पडत नाही.

हे सगळं मी काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. उत्तर आलं, "म्हणजे चूक आपल्याच जुन्या बोअरची?" नाही हो काका, आपल्याकडे बेसाल्ट आहे. टॉवरवाल्यांशी तुमचं भांडण चालू राहू द्या.