शाळा काढायची म्हणताय? आधी सातबाऱ्यावरचं नाव बघा

दिवाळी संपली की आमच्याकडे कुणी ना कुणी येतंच. रस्त्यालगत वडिलोपार्जित दीड एकर, गावात इंग्रजी माध्यमाची शाळा नाही, मुलं पिवळ्या बसने तालुक्याला जातात. मग आपणच काढू की शाळा! काहींनी पाया खणलेला असतो. एक जण तर फ्लेक्स छापूनच आले होते, शाळेच्या नावाखाली ठळक 'प्रवेश सुरू'. मुलं किती मिळतील हे मी विचारत नाही. सातबारा कुणाच्या नावावर आहे, एवढंच विचारतो. 'आमच्याच की' असं उत्तर येतं, आणि फाइल तिथेच अडते.

संस्थांच्या फायली बांधण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. लोक सगळं करतात, फक्त उलट्या क्रमाने: आधी इमारत, मग बोर्ड, मग प्रवेश, शेवटी परवानगी. म्हणून खाली सगळं सुलट्या क्रमाने सांगतो.

कुणाला काढता येते

महाराष्ट्रात आज नवी खासगी शाळा निघते ती स्वयंअर्थसहाय्यित म्हणून. कायदा २०१२ चा: महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा (स्थापना व विनियमन) अधिनियम. शासन पैसे देणार नाही, आज नाही आणि पुढेही नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण जुन्या मंडळींच्या डोक्यात अजून 'कायम विनाअनुदानित'चा, म्हणजे कधीच अनुदान मागणार नाही या अटीवर परवानगी मिळालेल्या शाळांचा, इतिहास असतो. त्या शाळांचा 'कायम' शब्द २००९ मध्ये निघाला आणि पुढे त्यांतल्या अनेक टप्प्याटप्प्याने अनुदानावर आल्या. आपलंही तसंच होईल या आशेवर शिक्षक नेमू नका आणि त्यांना तसं सांगूही नका.

व्यक्तीला शाळा काढता येत नाही. अर्जदार लागतो तो नोंदणीकृत विश्वस्त संस्था, सोसायटी किंवा कंपनी. कंपन्यांसाठीची दुरुस्ती २०१७ मध्ये झाली. गावपातळीवर मात्र संस्थाच दिसते. सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सभासद लागतात, शिवाय धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदणी. संस्थेच्या घटनेतल्या उद्देशांत 'शाळा चालवणे' स्पष्ट लिहिलेलं हवं. 'सामाजिक व सांस्कृतिक कार्य' एवढ्यावर भागत नाही.

आता खरी मेख. धर्मादाय कार्यालयाचं परिशिष्ट १, म्हणजे संस्थेच्या नोंदीचा उतारा, काढा आणि त्यावरची विश्वस्तांची नावं वाचा. अध्यक्ष वारून सहा वर्षं झालेली असतात, आणि परिशिष्टावर अजून तेच. मुलगा अध्यक्ष म्हणून सह्या करतो, बँकेत चालतंही, पण फाइलवर चालत नाही. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अहवाल द्यायचा असतो, म्हणजे आपण ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतो तो. तो मंजूर होऊन परिशिष्टावर नावं चढायला वेळ लागतो, म्हणून हे काम पहिलं. सोबत मागच्या वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, संस्थेचं पॅन, बँकेचा दाखला आणि शाळा काढण्याचा ठराव. ठरावात माध्यम, इयत्ता आणि ठिकाण हवं. नुसतं 'शाळा सुरू करण्याचे सर्वानुमते ठरले' हे वाक्य बिनकामाचं.

जमीन

इथे जरा थांबून वाचा. जमीन अध्यक्षांच्या नावावर, शाळा संस्थेची. हे जुळत नाही. दोनच सरळ वाटा: जमीन संस्थेच्या नावावर करणं, नाहीतर संस्थेला नोंदणीकृत भाडेपट्ट्याने देणं. पट्टा दीर्घ मुदतीचा हवा आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हवा. शंभराच्या स्टॅम्पवरचा अकरा महिन्यांचा करार दुकानाच्या गाळ्याला ठीक.

बक्षीसपत्र करणार असाल तर आधी घरात नीट बोलून घ्या. जमीन एकदा विश्वस्त संस्थेच्या नावावर गेली की विकायला, किंवा ठरावीक मुदतीपलीकडे भाड्याने द्यायला, विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. 'शाळा नाही चालली तर परत आपल्या नावावर घेऊ' हा हिशोब चुकीचा. संस्था विकत घेणार असेल आणि जमीन शेतीची असेल तर कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन थेट घेता येत नाही, आणि संस्था शेतकरी नसते. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ (परवानगीशिवाय हस्तांतर न करता येणारी जमीन) लिहिलंय का, इतर हक्कात कुळाचं नाव किंवा विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे का, हेही पाहा. मग अकृषिक वापराचे कागद, मोजणीचा नकाशा, मंजूर बांधकाम नकाशा, आणि बांधून झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र. किती क्षेत्र लागतं हे गाव, नगरपालिका, महानगरपालिका याप्रमाणे बदलतं. अर्जाचं शुल्क, संस्थेच्या नावची ठेव आणि क्षेत्राचा निकष हे तिन्ही आकडे त्या वर्षीच्या शासन निर्णयातून घ्या. मेव्हण्याच्या शाळेच्या पाच वर्षांपूर्वीच्या फाइलमधून घेऊ नका.

एका संस्थेची फाइल फक्त एका शब्दामुळे परत आलेली मी पाहिली आहे. नोंदणी प्रमाणपत्रावर 'शिक्षण प्रसारक मंडळ', खरेदीखतावर 'शिक्षण प्रसारक संस्था'. माणसं तीच, जमीन तीच, शिक्काही तोच. खरेदीखत करताना लेखनिकाने सवयीने 'संस्था' टाइप केलं आणि कुणी वाचलं नाही. चूकदुरुस्ती पत्र, पुन्हा नोंदणी, पुन्हा फेरफार, आणि तोवर त्या वर्षीची मुदत गेली. तेव्हापासून मी सगळे कागद टेबलावर मांडून संस्थेचं नाव अक्षर अक्षर, बोट ठेवून वाचतो. हसतात लोक.

अर्ज कुठून कुठे जातो

विहित नमुन्यातला अर्ज, मुदतीत. छाननी आणि जागेची पाहणी जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या पातळीवर होते. प्राथमिकला प्राथमिकचे, माध्यमिकला माध्यमिकचे. मुंबईत माध्यमिकसाठी शिक्षण निरीक्षक. तिथून वरच्या कार्यालयांतून फाइल मंत्रालयात शालेय शिक्षण विभागाकडे जाते. पसंत पडली की आधी इरादापत्र मिळतं. शासनाचा विचार अनुकूल आहे, आता अटी पूर्ण करा, एवढाच त्याचा अर्थ. पेढे वाटायची वेळ अजून आलेली नसते. अटी पूर्ण केल्याचे पुरावे दिले की अंतिम परवानगी.

इरादापत्रावर प्रवेश देऊ नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १८ प्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाख रुपयांपर्यंत दंड, आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. दर उन्हाळ्यात अनधिकृत शाळांच्या याद्या पेपरात येतात. त्यांतल्या काही शाळा 'परवानगी प्रक्रियेत आहे' म्हणणाऱ्याच असतात. दंड भरून संस्था सुटेल एक वेळ, पण त्या पोरांना जूनमध्ये दुसरी शाळा शोधावी लागते.

पहिली ते आठवी: नमुना एक, नमुना दोन

शासनाची परवानगी ही एक गोष्ट, आणि शिक्षण हक्क कायद्याखालची मान्यता ही दुसरी. संस्था नमुना १ मध्ये स्वयंघोषणापत्र देते, तपासणी होते, आणि शिक्षणाधिकारी नमुना २ मध्ये प्रमाणपत्र देतात. निकष कायद्याच्या अनुसूचीत आहेत: प्रत्येक शिक्षकामागे किमान एक खोली, मुख्याध्यापक-कार्यालय-भांडारासाठी खोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, मैदान, कुंपण, ग्रंथालय, आणि चाकाच्या खुर्चीला आत येता येईल अशी वाट. पहिली ते पाचवीत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, १२१ ते २०० मुलांना पाच, आणि दीडशेच्या वर वेगळा मुख्याध्यापक. सहावी ते आठवीत पस्तीस मुलांमागे एक. वर्षाला पहिली ते पाचवीसाठी किमान २०० दिवस, सहावी ते आठवीसाठी २२०.

तपासणीला येणारे विस्तार अधिकारी काय बघतात? एकांना मी जवळून पाहिलं. कार्यालयात चहा न घेता ते थेट मुलींच्या स्वच्छतागृहात गेले आणि नळ सोडला. नळाने दोनदा खाकरून हवा सोडली, पाणी नाही. टाकी बसवली होती, पाइप जोडायचा राहिला होता. मग ते उताराच्या वाटेपाशी आले. उतार झकास बांधलेला, पण संपत होता तो उघड्या गटारात. त्यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि निघाले. प्लंबर आणि गवंड्याचं एका दिवसाचं काम, पण फेरतपासणीची तारीख मिळायला महिना गेला.

आगीच्या दाखल्याला कटकट समजू नका. तमिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शाळांच्या अग्निसुरक्षेबद्दल देशभरासाठी आदेश दिले. दुसरा जिना, बाहेर उघडणारी दारं, भरलेली अग्निशामक नळकांडी, इमारतीच्या मजबुतीचा दाखला या गोष्टी बांधकामाच्या नकाशातच धरा. नंतर भिंत फोडून जिना काढणं महागात पडतं. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती याबाबतही कडकपणे विचारणा होते. बस ठेवणार असाल तर मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती लागते.

शिक्षक, फी, पंचवीस टक्के

पहिली ते पाचवीला शिकवणाऱ्याकडे डीएलएड, सहावी ते आठवीला डीएलएड किंवा बीएड, आणि दोघांकडेही शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण असल्याचं प्रमाणपत्र हवं. 'सून एमए आहे, तीच शिकवेल' हे दर वेळी ऐकतो. एमएने भागत नाही.

प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा आईवडिलांची मुलाखत नाही, देणगी नाही. देणगी घेतली तर दहापटीपर्यंत दंड, चाळणी लावली तर पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत. सुरुवातीच्या वर्गातल्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी, ऑनलाइन सोडतीतून. सरकारी शाळा जवळ असेल तर खासगी शाळांना यातून सूट देण्याचा प्रयत्न राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. उच्च न्यायालयाने तो जुलैमध्ये रद्द केला. तेव्हा कुणी ती सूट सांगत असेल तर माहिती शिळी आहे. अल्पसंख्याक संस्थांना मात्र ही तरतूद लागू नाही. या मुलांच्या फीची प्रतिपूर्ती शासन करतं, पण ती वेळेवर येईल असं धरून पगाराचं गणित मांडू नका.

फीसाठी वेगळा कायदा आहे, २०११ चा. पालक-शिक्षक संघ, त्यातून चिठ्ठ्या टाकून कार्यकारी समिती, व्यवस्थापनाचा प्रस्ताव, समितीची मंजुरी. एकदा ठरलेली फी दोन वर्षं बदलत नाही. म्हणून पहिली फी ठरवताना 'आधी कमी ठेवू, पोरं आली की वाढवू' असं करू नका. गिऱ्हाईक जमवण्याची ही युक्ती किराणा दुकानात चालते.

मंडळ

राज्य मंडळाची शाळा असेल तर दहावीची मुलं बसवण्याआधी विभागीय मंडळाकडून सांकेतांक, म्हणजे मंडळाकडचा शाळेचा क्रमांक, घ्यावा लागतो. त्याच्या कितीतरी आधी, शाळा सुरू होतानाच, अकरा आकडी यूडायस क्रमांक, म्हणजे शाळांच्या देशभरच्या सरकारी नोंदीतला क्रमांक. तो नसेल तर मुलं कुठल्याच सरकारी प्रणालीत दिसत नाहीत. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो. वरच्या इयत्ता वाढवायच्या तर दर्जावाढीचा वेगळा प्रस्ताव. आज पाचवीपर्यंत परवानगी आहे म्हणून पुढच्या जूनला सहावी आपोआप उघडत नाही.

सीबीएसई हवी असेल तरी राज्याची मान्यता चुकत नाही. त्यावर सीबीएसईच्या सरस या पोर्टलवरून संलग्नतेचा अर्ज. तिथे जमिनीचा मूळ निकष ८००० चौरस मीटर आहे, म्हणजे जवळजवळ दोन एकर. मोठ्या शहरांना सवलत आहे, मुंबईसारख्या महानगराच्या हद्दीत १६०० पर्यंत. रस्त्यालगतच्या दीड एकरवाल्याने इथे बांधकाम थांबवून सीबीएसईच्या संलग्नता नियमांतली सवलतीची कलमं वाचावीत. वर्गखोली किमान ५०० चौरस फूट. खोल्या वीस बाय वीसच्या बांधून बसलात तर भिंती पाडाव्या लागतील. आणि कमानीवर 'सीबीएसई पॅटर्न' लिहू नका. शाळा एक तर संलग्न असते, नाहीतर नसते. मंडळ कुठलंही असो, पहिली ते दहावी मराठी शिकवणं २०२० च्या कायद्याने सक्तीचं आहे.

पहिल्या फाइलला दोन वर्षं धरा, सगळे कागद हातात असतील तर. नमुना २ चं प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं. मुदत संपायच्या सहा महिने आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा, कारण नूतनीकरणाला नळ पुन्हा सोडून बघतात, आणि परिशिष्ट १ ताजं मागतात.