सूर्यग्रहण : पुण्यातून निरीक्षण व छायाचित्रण

ग्रहणकाळात सूर्यबिंब सुरक्षितपणे पाहण्यासाठी आणि कॅमेऱ्यात टिपण्यासाठी करायची तयारी. पुण्यात ही तयारी खंडग्रास ग्रहणाचीच असते. २२ जुलै २००९ चा खग्रास पट्टा सुरत, भोपाळ, वाराणसी असा गेला. १५ जानेवारी २०१० आणि २६ डिसेंबर २०१९ ची कंकणाकृती ग्रहणे दक्षिण भारतात दिसली, २१ जून २०२० चे उत्तरेत. पुण्याच्या वाट्याला प्रत्येक वेळी खंडग्रास स्थितीच आली. २ ऑगस्ट २०२७, २१ मे २०३१ आणि २० मार्च २०३४ च्या ग्रहणांतही तेच होणार आहे. म्हणून स्पर्शापासून (ग्रहण लागल्यापासून) मोक्षापर्यंत (ते सुटेपर्यंत) फिल्टर एकदाही काढायचा नाही. ‘आता फिल्टर काढा’ ही सूचना खग्रास स्थितीच्या मोजक्या मिनिटांपुरती असते आणि ती खग्रास पट्ट्यात उभ्या असलेल्यांसाठी असते. सूर्याचा बराचसा भाग झाकला गेला तरी उरलेली कोर पूर्ण सूर्याइतकीच प्रखर असते. कमी होते ते फक्त तिचे क्षेत्रफळ.

डोळ्यांची काळजी

दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. त्यामुळे इजा होत असताना काहीच जाणवत नाही. नजरेच्या मध्यभागी डाग दिसू लागतो तो काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी. ग्रहणाचा चष्मा आयएसओ १२३१२-२ या मानकाचा असावा. असा चष्मा दृश्य प्रकाशाचा जास्तीत जास्त ०.००३२ टक्के भाग आत सोडतो. घालून पाहिल्यावर घरातला साधा दिवा दिसता कामा नये. वेल्डिंगची काच वापरायची तर १४ क्रमांकाची घ्यावी. हार्डवेअरच्या दुकानांत सर्रास मिळते ती १० किंवा ११ क्रमांकाची असते आणि ती सूर्यासाठी पुरत नाही. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी आणि साधे गॉगल यांतून सूर्य मंद दिसतो, पण अदृश्य अवरक्त किरण आत येतच राहतात.

परातीत पाणी घेऊन, त्यात हळद किंवा शेण कालवून प्रतिबिंब पाहण्याची पद्धत घरोघरी आहे. तीही सुरक्षित नाही. पाण्यात काहीही कालवले तरी पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश बदलत नाही, आणि तो किमान २ टक्के असतो. म्हणजे चष्म्यातून येणाऱ्या प्रकाशाच्या सुमारे सहाशे पट. सूर्य खाली असला तर हे प्रमाण आणखी वाढते.

प्रतिमा पाडून पाहणे

लहान मुलांसोबत पाहायचे असेल तर हाच मार्ग पत्करावा. भोकातून पडलेल्या सूर्यप्रतिमेचा व्यास हा भोक आणि पडदा यांतल्या अंतराचा साधारण १०९ वा भाग असतो. एक मीटरवर ९ मिलिमीटरची प्रतिमा मिळते. त्यासाठी १ मिलिमीटरचे भोक बरे. भोक मोठे केले की प्रतिमा उजळते पण धूसर होते, आणि पहिल्यांदा करणारा नेमकी हीच चूक करतो. मोठी प्रतिमा हवी असेल तर छोट्या आरशावर १ सेंटिमीटर छिद्राचा कागद चिकटवावा, आरसा गच्चीत किंवा अंगणात वाळूच्या पिशवीवर टेकवावा आणि कवडसा अंधाऱ्या खोलीत १५ ते २० मीटरवरच्या भिंतीवर पाडावा. तिथे १४ ते १८ सेंटिमीटरचे बिंब दिसते आणि चाळीभर माणसे एकाच वेळी ते पाहू शकतात. आरशात थेट डोकावू नये, हे मात्र मुलांना आधीच बजावून ठेवावे. आंब्याच्या किंवा पिंपळाच्या सावलीत आणि स्वयंपाकघरातल्या चाळणीखालीही शेकडो कोरी पडतात.

फिल्टर बनवणे

दुर्बिणीचा वा लेन्सचा फिल्टर नेहमी पुढच्या तोंडावर, सूर्याकडच्या बाजूला बसतो. आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, बसवायचे जुने काळ्या काचेचे फिल्टर वापरू नयेत. भिंगाने एकवटलेल्या उष्णतेने ते तडकतात आणि त्या क्षणी डोळा मागे असतो. ५ घनतेची सौर फिल्म प्रकाशाचा लाखावा भाग सोडते आणि पाहण्यासाठी व छायाचित्रासाठी दोन्हीकडे चालते. ३.८ घनतेची फिल्म फक्त छायाचित्रासाठी आहे. तिच्यामागे डोळा लावू नये.

लेन्सच्या तोंडाभोवती जाड कार्डशीटची ५ सेंटिमीटर रुंद पट्टी तीन-चार वेढे गुंडाळून डिंकाने चिकटवावी. ती हाताने फिरेल इतकी सैल, पण लेन्स उलटी धरली तरी न गळेल इतकी घट्ट हवी. त्याच कार्डशीटच्या दोन कड्या कापून एकीवर दुहेरी टेप लावावी. फिल्म टिश्यू पेपरवर सपाट पसरून कडी वरून अलगद टेकवावी, मग दुसरी कडी दाबून सँडविच करावे आणि ते पट्टीच्या नळकांड्यावर चिकटवावे. फिल्म ताणू नये. ताणली की प्रतिमा बिघडते. थोड्या सुरकुत्या राहिल्या तर काहीही बिघडत नाही. शेवटी अंधाऱ्या खोलीत मागून विजेरी लावून छिद्रे तपासावीत. प्रत्यक्ष दिवशी नळकांडे तीन बाजूंनी टेपने लेन्सला बांधावे, कारण टेकडीवरचा वारा ते उडवून नेतो. दुर्बिणीच्या शोधक दुर्बिणीचे टोपण घट्ट लावावे किंवा ती काढूनच ठेवावी.

कॅमेरा

सेन्सरवरच्या सूर्याचा व्यास मिलिमीटरमध्ये काढायचा तर फोकल लेंग्थला १०९ ने भागावे. ३०० मिमी लेन्सवर तो २.८ मिमी येतो. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात तो साधारण ७०० पिक्सेल भरतो आणि मोठा सौरडाग ओळखता येतो. ६०० मिमीवर ५.५ मिमी. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यात सूर्य जेमतेम काही डझन पिक्सेलांचा येतो. मोबाइलने झाडाखालच्या कोरी टिपाव्यात, किंवा फिल्टर लावलेल्या दुर्बिणीच्या आयपीसला तो कंसात बसवावा.

एक्स्पोजर मॅन्युअलवरच ठेवावे. ऑटोवर कॅमेरा भोवतीचा काळोख मोजतो आणि बिंब पांढरेफटक करून टाकतो. ५ घनतेच्या फिल्मला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/८ आणि १/४०० सेकंद ही सुरुवात; तिथून दोन्ही बाजूंना एकेक स्टॉप (म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) घेऊन पाहावे. ग्रहण वाढत गेले तरी आकडे फारसे बदलत नाहीत, कारण कोरीची तेजस्विता तीच असते. फक्त अगदी बारीक कोर उरली तर बिंबाची कड मुळात मंद असल्याने एक स्टॉप वाढवावा. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये सौरडागावर किंवा बिंबाच्या कडेवर दहापट मोठे करून लावावा, रिंग टेपने अडकवावी आणि दर अर्ध्या तासाने पुन्हा पाहावा. लेन्स तापली की तो सरकतो. लेन्सवरच्या अनंत चिन्हावर विसंबू नये. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये फिल्टरशिवाय डोकावू नये. मिररलेसमध्ये उघड्या लेन्समागे सेन्सरच भाजतो.

सूर्य दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाइतका सरकतो. साध्या ट्रायपॉडवर दर दोन-तीन मिनिटांनी चौकट पुन्हा जुळवावी लागते. १/४०० सेकंदात या सरकण्याने काही धूसर होत नाही. धूसर करतो तो ट्रायपॉडचा कंप. मधला दांडा खालीच ठेवावा, खाली पिशवी टांगावी, दोन सेकंदांचा टायमर वापरावा.

पुण्यात सर्वांत जास्त घात होतो तो ढगांमुळे. पातळ ढग आला की फ्रेम काळी पडते, घाईने फिल्टर काढला जातो आणि तेवढ्यात ढग फाकतो. अशा वेळी आयएसओ ४०० किंवा ८०० करावा, फिल्टरला हात लावू नये.

जागा, ऋतू आणि वेळ

२०२७ चे ग्रहण ऐन पावसाळ्यात, दुपार कलल्यावर, पश्चिमेला आहे. मुळशी-लोणावळ्याकडे जाण्यात अर्थ नाही. शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर ही पर्जन्यछायेतली बाजू बरी. जागेचा निर्णय आदल्या संध्याकाळी नव्हे, तर त्या दिवशी सकाळी उपग्रहचित्र पाहून घ्यावा. २०३१ ला सूर्य ऐन दुपारी जवळजवळ डोक्यावर असेल. लांब लेन्स तितकी वर करताना ट्रायपॉडच्या पायात अडकते, हे घरी आधी करून पाहावे. मे महिन्याच्या उन्हात कॅमेऱ्यावर पांढरा पंचा घालावा. २०२२ च्या दिवाळीतले ग्रहण, ज्यात सूर्य ग्रस्त स्थितीतच मावळला, तशी ग्रहणे क्षितिजालगत असतात. त्यांना वेताळ टेकडी, तळजाई किंवा पर्वती हवी, आणि क्षितिजाजवळच्या धुळीमुळे एक्स्पोजर बरेच वाढवावे लागते.

स्पर्श, मध्य आणि मोक्ष यांच्या वेळा पंचांगात शहरवार मिळतात. मुंबईच्या वेळा घेऊन पुण्यात बसू नये. आदल्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी सगळी जुळणी करून पूर्ण सूर्याची छायाचित्रे काढावीत. इमारतीची सावली, अपुरी बॅटरी, गळणारा फिल्टर या अडचणी तेव्हाच समजतात.

पुण्याचा वारसा

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रातून गेला. पुण्याच्या सायन्स कॉलेजातील, म्हणजे आजच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठातील, महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी करमाळ्याजवळ जेऊर येथे निरीक्षण मोहीम नेली होती. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्याच ग्रहणासाठी विजयदुर्गास आले. १८६८ साली त्यांनी सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातली हेलियमची रेषा विजयदुर्गावरून पाहिली ही सर्वत्र सांगितली जाणारी कथा चुकीची आहे. त्या वर्षी ते इंग्लंडमध्ये होते. १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि आयुका (आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र संशोधन केंद्र) या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या दोन परिचित संस्था आहेत.

साधनांची जपणूक

मोक्षानंतर फिल्म घडी न घालता कडक डब्यात ठेवावी आणि पुढच्या वेळी विजेरीवर पुन्हा तपासावी. चष्म्याला छिद्र किंवा ओरखडा दिसला तर तो फाडून टाकावा. कॅमेऱ्याच्या फिल्टरवरचे टाचणीएवढे छिद्र काळ्या रंगाच्या ठिपक्याने बुजवता येते.