कौटुंबिक कृष्णविनोदिका

मृत्यू, वाटणी, कर्ज, व्यसन, वर्षानुवर्षांचा अबोला अशा घरातल्या दुखऱ्या गोष्टींतूनच हसू निर्माण करणारा चित्रपटप्रकार. बोलण्यात ‘ब्लॅक कॉमेडी’ हाच शब्द रूढ आहे. काळ्या विनोदाची संज्ञा फ्रेंच कवी आंद्रे ब्रताँ यांच्या १९४० सालच्या संकलनामुळे साहित्यात स्थिरावली. नेहमीच्या कौटुंबिक विनोदी चित्रपटात गैरसमज मिटतो आणि घर एकत्र येते. या प्रकारात मात्र भांडणाचे मूळ मिटण्याजोगे नसते, आणि ते नाही असे दाखवण्याची घरातल्या सर्वांची धडपड हाच विनोदाचा विषय असतो.

हा प्रकार बहुधा स्वतंत्र निर्मात्यांच्या हातून घडतो. त्याला एक कारण रुचीचे आहे, तर दुसरे पैशांचे. मयतीनंतरचे सुतकाचे दिवस सगळ्या नातलगांना एकाच घरात कोंडतात. त्यामुळे कथेला आपोआप मुदत मिळते, चित्रीकरणाला एकच वाडा पुरतो आणि थोड्या खर्चात बरेच काही साधते. २००६ सालच्या ‘लिटल मिस सनशाइन’ या अमेरिकी चित्रपटात घराऐवजी एक जुनी पिवळी गाडी आहे. वाटेत वारलेल्या आजोबांचा देह कुटुंब इस्पितळातून गुपचूप बाहेर काढते आणि प्रवास पुढे चालू ठेवते. २०१५ च्या ‘तिथी’ या कन्नड चित्रपटात शंभरी ओलांडलेला म्हातारा मरतो आणि अकराव्याच्या तयारीत गुंतलेला नातू, वडील हयात असताना, त्यांच्या मृत्यूचा खोटा दाखला मिळवून जमीन विकू पाहतो. मंड्या जिल्ह्यातील गावकऱ्यांनीच त्यात भूमिका केल्या. मराठीत सतीश आळेकर यांच्या ‘महानिर्वाण’ (१९७४) या नाटकाने मृत्यू आणि विनोद यांचे हे नाते फार आधी रंगमंचावर आणले होते. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) मध्ये नवरा आत्महत्या करील या भीतीने बायको लहान मुलाला त्याच्या मागावर ठेवते. तो चित्रपट विदर्भातला असला, तरी त्यातली भीती मराठवाड्याला परकी नाही.

मराठवाड्यात या प्रकाराला लागणारे द्रव्य विधींत आणि कागदांत विपुल सापडते. पैठण किंवा गंगाखेड येथे गोदाकाठी दशक्रिया चालू असते. पिंडाला कावळा शिवत नाही, म्हणजे मृताची इच्छा अपुरी राहिली, असे समजून भावकी एकेक कबुली देऊ लागते. ‘धाकट्याचं लग्न करतो’, ‘बहिणीला अंतर देणार नाही’ अशी वचने मोठ्याने दिली जातात, आणि तरीही कावळा आला नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा मिळाला. पण माहेर तुटू नये म्हणून तीच बहीण पुढे हक्कसोडपत्रावर सही करते. घाटावरचे वचन आणि निबंधक कार्यालयातला अंगठा यांच्यामधले अंतर जो दिग्दर्शक न बोलता दाखवील, त्याला वेगळा विनोद रचावा लागणार नाही.

शेतकरी आत्महत्येचा विषय याहून नाजूक आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवते आणि पात्र प्रकरणात वारसांना १ लाख रुपयांची मदत मिळत आली आहे. मेलेल्या माणसाला पात्रता सिद्ध करावी लागते, ही गोष्ट मुळातच भीषण विसंगत आहे. येथे हसू कागदावर आणि त्याभोवती जमलेल्या नातलगांच्या हिशेबावर यावे; ते मृतावर किंवा त्याच्या विधवेवर आले तर चित्रपट क्रूर होतो. ऊसतोडीच्या हंगामात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात, मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली ही जोडी फडावर जाते आणि म्हातारी माणसे लेकरांसह गावी राहतात. अशा घराची मोडतोड स्वभावदोषातून होत नाही, उचलीतून होते, आणि ‘विस्कळीत कुटुंब’ हा शहरी शब्द तेथे अपुरा पडतो.

अभिनयाची मुख्य अट अशी की पात्राला आपण विनोदी आहोत हे कळता कामा नये. म्हणूनच बोलीचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ‘काहून’, ‘वावर’, ‘लेकरू’ हे शब्द अनेक चित्रपटांत अडाणीपणाची खूण म्हणून हशासाठी वापरले गेले. या प्रकारात मात्र बांधावरून भांडणारे दोघे भाऊ तेच शब्द पूर्ण गांभीर्याने बोलतात, आणि प्रेक्षकाला हसू येते ते त्या दोघांना वडिलांचा फोटो लावायला एकच भिंत उरली आहे म्हणून.