विज्ञानकथा-भूमिकाखेळातील गटांच्या अधिकारमर्यादा

विज्ञानकथेच्या पटावर मांडलेल्या भूमिकाखेळात (खेळाडू एकेक पात्र वा गट होऊन खेळतात त्या खेळात) साम्राज्य, व्यापारी संघ, वसाहतींची सरकारे, चाचे, धर्मपंथ असे परस्परविरोधी गट असतात. त्यांपैकी कोणाचा हुकूम कोठवर आणि कशाच्या बळावर चालतो, हे ठरवणारे नियम व संकेत म्हणजे अधिकारमर्यादा. त्या दोन जागी असतात. एक कथेच्या आत : सम्राटाचा शब्द कोणत्या ग्रहापर्यंत पोचतो. दुसरी खेळाच्या मेजावर : खेळाडूने काय जाहीर करावे आणि निकाल कोणी द्यावा. या दोन्हींची सरमिसळ वारंवार होते. कोल्हापूरच्या खेळाडूंसाठी लिहिलेल्या या नोंदीत त्या वेगळ्या ठेवल्या आहेत. फासे, पात्रनोंद (पात्राच्या गुणांचा कागद), संचालक (कथा मांडणारा व निकाल देणारा) या बाबी वाचकाला परिचित आहेत असे धरले आहे.

उगम : याविषयी दोन मते आहेत. एका मताने ही कल्पना अ‍ॅलन कॅल्हॅमर यांच्या ‘डिप्लोमसी’ (१९५९) या पटखेळातून आली. त्यात सात सत्ता आणि ३४ पुरवठाकेंद्रे असतात; १८ केंद्रे हाती आली की विजय. हुकूम लेखी देतात आणि सर्वांचे एकदम उघडतात. प्रत्येक सैन्याचे बळ सारखेच, एक. जास्त बळ हवे तर दुसऱ्या सैन्याचा पाठिंबा लागतो, आणि पाठिंब्याचा शब्द पाळण्याचे बंधन कोणावरही नाही. १९६३ पासून हा खेळ टपालाने खेळला जाऊ लागला. पुढे रिक लूमिस यांच्या ‘स्टारवेब’ने (१९७६) टपाली खेळ ताऱ्यांमध्ये नेला : १५ खेळाडू, २२५ जग, आणि साम्राज्यकर्ता, व्यापारी, चाचा, धर्मप्रचारक अशा सहा प्रकारच्या भूमिका. प्रत्येक भूमिकेचे गुण वेगळ्या कामगिरीवर मोजले जात. या मताचे समर्थक टपाली परंपरेच्या सलगतेवर भर देतात.

दुसरे मत उगम आणखी मागे, प्रशियाच्या लष्करी युद्धखेळात शोधते. राइसविट्झ पितापुत्रांनी (थोरल्यांनी १८१२ च्या सुमारास, धाकट्यांनी १८२४ मध्ये) रूढ केलेल्या या खेळात पंच मध्ये बसे आणि प्रत्येक पक्षाला त्याच्या नजरेच्या टप्प्यातले तेवढेच सांगे. सेनापतीला आपली पलटण कोठे आहे हेही कधी कधी उशिरा कळे. नियमांचे ओझे वाढल्यावर १८७६ मध्ये फेर्डी दु फेर्नुआ यांनी निकाल बव्हंशी पंचाच्या विवेकावर सोपवण्याची पद्धत मांडली. अमेरिकेत चार्ल्स टॉटन यांच्या ‘स्ट्रॅटेगोस’ने (१८८०) पंचाला असाच व्यापक अधिकार दिला. हे विस्मृतीत गेलेले पुस्तक मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली यांच्या हाती लागले आणि त्यातून ‘ब्राउनस्टाइन’ हा प्रयोग उभा राहिला. त्याचे वर्ष सामान्यतः १९६९ देतात. काही आठवणींमध्ये ते दोनेक वर्षे मागे सरकते. नेपोलियनकालीन एका काल्पनिक जर्मन गावात प्रत्येक खेळाडूला स्वतंत्र भूमिका होती. खेळाडू गटागटाने बाजूला जाऊन खलबते करू लागले, पंचाच्या हातून सूत्रे निसटली, आणि वेस्लींना प्रयोग फसला असे वाटले. खेळाडूंनी मात्र पुन्हा खेळण्याची मागणी केली.

प्रस्तुत नोंदकाराला दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. ‘डिप्लोमसी’तील सातही सत्तांचा अधिकार एकाच जातीचा आहे, फरक पडतो तो प्रमाणात. ‘ब्राउनस्टाइन’मध्ये नगराध्यक्षाला जे करता येते ते विद्यार्थ्याला करता येत नाही, आणि विद्यार्थ्याला जे खपून जाते ते नगराध्यक्षाला परवडत नाही. गटांच्या अधिकारांची जातच निराळी असणे हे आजच्या विज्ञानकथा-खेळांचे मुख्य लक्षण आहे. ‘स्टारवेब’मध्येही ते दिसते, पण त्याचा जन्म ‘ब्राउनस्टाइन’नंतरचा. टपाली परंपरेचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. ते वेळापत्रकाचे व गुप्त हुकमांचे आहे.

पहिला छापील विज्ञानकथा-भूमिकाखेळ कोणता, याबद्दलही एकवाक्यता नाही. जेम्स वॉर्ड यांचा ‘मेटामॉर्फोसिस अल्फा’ आणि केन सेंट अँड्रे यांचा ‘स्टारफेअरिंग’ हे दोन्ही १९७६ चे आहेत. मान सहसा पहिल्याला दिला जातो.

अंतर आणि वेळ : या विषयातील सर्वांत विचारपूर्वक मांडणी मार्क मिलर यांच्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये (१९७७) आढळते. त्यात ताऱ्यांमधली एक झेप १ ते ६ पारसेकची (पारसेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे) आणि अंतर कितीही असो, तिला साधारण एक आठवडा लागतो. जहाजापेक्षा जलद जाणारा संदेश नाही. म्हणजे ६० पारसेकवरच्या सरहद्दीवर बंड झाले तर सर्वांत वेगवान जहाजानेही बातमी राजधानीत पोचायला दहा आठवडे, उत्तर यायला आणखी दहा. वीस आठवडे सरहद्दीवरचा सरदार सांगेल तोच कायदा. सम्राटाच्या अधिकाराला अशी मर्यादा घालणारे एकही कलम नियमपुस्तिकेत लिहावे लागले नाही. ती प्रवासाच्या तक्त्यातूनच निघते. मूळच्या तीन पुस्तिकांत साम्राज्याचा ठरीव पट नव्हता. तो १९७९ च्या आसपासच्या पुरवण्यांमधून आकाराला आला. त्यात साम्राज्य ताऱ्यांमधल्या अवकाशावर राज्य करते आणि ग्रहांचा अंतर्गत कारभार बहुतांशी त्यांच्याकडेच सोडते. अवकाशबंदराच्या कुंपणाआत साम्राज्याचा कायदा, बाहेर ग्रहाचा.

ग्रहाची राज्यपद्धतीही फाशांवर ठरते : दोन फाशांच्या बेरजेतून ७ वजा करून लोकसंख्येचा अंक मिळवायचा. हा अंक दहाचा घातांक असतो; ६ म्हणजे दशलक्षांची वस्ती. (२०११ च्या जनगणनेत ३८,७६,००१ लोकसंख्या असलेला कोल्हापूर जिल्हा या मापाने ६ ठरतो.) उत्तर ७ आले तर ग्रहावर एक सत्ता नाही, प्रतिस्पर्धी सरकारे वर्चस्वासाठी भांडत आहेत असे समजतात. लोकसंख्येचा अंक ६ असताना त्यासाठी फाशांवर ८ पडावे लागतात, म्हणजे ३६ पैकी ५ शक्यता. अंक ७ असेल तर ३६ पैकी ६. अशा ग्रहाचा कायद्याचा अंक (कायदा किती कडक ते सांगणारा) अवकाशबंदराला सर्वांत जवळ असलेल्या सरकारचा मानावा, असा नियम आहे. उतरणाऱ्या प्रवाशाला जी सत्ता आधी भेटते तीच नोंदीत चढते. बाकीच्या सत्ता संचालकाने स्वतः रचायच्या. या अंकाचा याहून नेमका उपयोग क्वचितच कोणी केलेला दिसतो.

साधने : केव्हिन क्रॉफर्ड यांच्या ‘स्टार्स विदाउट नंबर’मध्ये (२०१०) गटांना स्वतंत्र डाव आहे. प्रत्येक गटाचे बळ, कावा आणि संपत्ती असे तीन अंक असतात. एका डावात एकाच प्रकारची कृती करता येते, मालमत्ता फक्त आपले ठाणे असलेल्या जगावरच विकत घेता येते, आणि काही मालमत्तांना ग्रह-सरकारची परवानगी लागते. ही शेवटची अट दिसायला किरकोळ आहे. खेळात मात्र दुबळ्या सरकारलाही तिच्यामुळे सौदा करायला जागा मिळते. ‘पॅरानोइया’मध्ये (१९८४) मर्यादा रंगांची आहे : इन्फ्रारेडपासून अल्ट्राव्हायोलेटपर्यंत नऊ दर्जे, आणि वरच्या रंगाच्या वाटेवरून चालणेही गुन्हा. हा खेळ विडंबनाचा असल्याने त्यावरून सर्वसाधारण निष्कर्ष काढू नयेत.

मेजावरील मर्यादा : खेळाडूने हेतू सांगायचा, परिणाम नाही. ‘माझे आरमार तुमच्या बंदरावर हल्ला करते’ हे चालते. ‘तुमचे बंदर पडले’ हे चालत नाही. दुसऱ्याच्या पात्राचा वा गटाचा निर्णय परस्पर जाहीर करण्याला खेळाडू ‘गॉडमॉडिंग’ म्हणतात, आणि पात्राला ठाऊक नसलेली माहिती खेळाडूने वापरणे ते ‘मेटागेमिंग’. कोल्हापूरकरांना हे समजावण्याची गरज कमी पडावी. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ या फुटबॉल संघांची ईर्षा पेठेत कितीही पेटलेली असो, शाहू स्टेडियमवर गोल झाला की नाही हे पंचच सांगतो.

कोल्हापूरच्या इतिहासातील आधार : येथील खेळाडूला गटांची रचना परकीय कादंबऱ्यांतून उसनी घेण्याचे कारण नाही. १६८९ मध्ये छत्रपती राजाराम जिंजीकडे गेले तेव्हा महाराष्ट्रातील कारभार रामचंद्रपंत अमात्यांकडे ‘हुकूमतपन्हा’ या किताबासह सोपवला गेला. राजधानी दूर, मार्ग मोगलांच्या धास्तीचा. निर्णय जागच्या जागीच घ्यावे लागत. ‘ट्रॅव्हलर’मधल्या सरहद्दीवरच्या सरदाराचे हे जवळजवळ तंतोतंत रूप आहे. याच अमात्यांच्या नावे सर्वसाधारणपणे सांगितली जाणारी ‘आज्ञापत्र’ ही राजनीती (१७१५–१६ च्या सुमाराची) वतनदारांविषयी सावध आहे आणि गडावर हवालदार, सबनीस, कारखानीस असे निरनिराळे अधिकारी मानते. मनुष्यबळ एकाकडे, दप्तर दुसऱ्याकडे, कोठार तिसऱ्याकडे. त्यामुळे एकट्याने फितून गड देणे अवघड. अवकाशस्थानक चालवणाऱ्या गटाला हीच वाटणी जशीच्या तशी लावता येते.

१३ एप्रिल १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर यांच्या हद्दी ठरल्या. एकमेकांचे नोकर ठेवून घेऊ नयेत, एकाचा शत्रू तो दुसऱ्याचाही शत्रू मानावा, तुंगभद्रेपासून रामेश्वरापर्यंतचा नवा मुलूख निम्मानिम्मा घ्यावा, अशी त्यातील कलमे आहेत. दोन प्रतिस्पर्धी गटांमधील करार म्हणून ती खेळात थेट वापरता येतील. पहिले कलम सर्वांत उपयोगी आहे, कारण ते मुलखाऐवजी माणसांच्या ये-जा करण्यावर मर्यादा घालते आणि पात्रे बहुधा नोकरच असतात.

विशाळगड, बावडा, कागल, कापशी, इचलकरंजी आदी जहागिरी पुढे आपापल्या हद्दीत दिवाणी व फौजदारी अधिकार चालवत. गंभीर खटले मात्र ब्रिटिश पोलिटिकल एजंटाकडे जात. असा वरचा लवाद खेळात जपून आणावा. तो आला की गट आपसांत बोलणे सोडून त्याच्यापुढे अर्ज घेऊन उभे राहतात. गादी नसलेल्या गटाचे उदाहरण हवे असेल तर १८४४ चे गडकऱ्यांचे बंड पाहावे. किल्ल्यांच्या बंदोबस्तासाठी जमिनी मिळालेल्या या लोकांच्या हक्कांना नव्या कारभाराने हात घातला, तेव्हा सामानगड, भुदरगड येथील गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. फौज आणावी लागली, आणि त्याच वर्षी पन्हाळा घेतल्यावर इंग्रजांनी त्याची तटबंदी मोडून टाकली.