न खपलेल्या उंची मालाचा नाश

उंची फॅशनच्या धंद्यात हंगाम उलटूनही दुकानात किंवा गोदामात पडून राहिलेले कपडे, चामड्याच्या बॅगा, घड्याळे, अत्तरे इ. नवा माल स्वस्तात न विकता जाळून, कापून किंवा मोडून टाकण्याची प्रथा. तिच्याविषयी धंद्यातल्या सर्वांना ठाऊक असे, पण बाहेर फारसे कुणी बोलत नसे. २०१८ साली ती चव्हाट्यावर आली.

उंची वस्तूच्या किमतीत कापड, चामडे आणि कारागिरी यांचा वाटा असतोच. बाकी बरीचशी किंमत असते ती वस्तू सहजासहजी मिळत नाही याची. सेल लागला की आदल्या महिन्यात पूर्ण किंमत मोजलेले गिऱ्हाईक नाराज होते आणि पुढच्या वेळी सेलचीच वाट पाहत बसते. लुई व्हिताँ म्हणूनच सेल लावत नाही. दुसरी धास्ती ग्रे मार्केटची, म्हणजे कंपनीने न नेमलेल्या विक्रेत्यांच्या बाजाराची. पडत्या भावाने दिलेला माल पुढे कुठल्या दुकानात, कशाच्या शेजारी आणि काय भावाने लागेल हे कंपनीच्या हाती उरत नाही. काही घराणी (उंची फॅशनच्या कंपन्या) कर्मचाऱ्यांसाठी आणि निवडक गिऱ्हाइकांसाठी आतल्या आत विक्री करतात, पण सगळा साठा तेवढ्याने हलत नाही. अमेरिकेत सीमाशुल्काचा नियमही नाशाच्या बाजूने झुकतो: आयात केलेला माल न वापरता सरकारी देखरेखीखाली नष्ट केला, तर भरलेल्या शुल्काची ९९ टक्के रक्कम परत मागता येते.

आपल्याकडे खऱ्या जरीचे विरलेले शालू जाळून त्यांतली चांदी काढणारे व्यापारी असत. तिथे वस्त्राचे आयुष्य सरल्यावर धातूची किंमत वसूल होई. इथे धड वस्तू जाळायची, ती दुकानात उरलेल्या तसल्याच वस्तूंचा भाव टिकावा म्हणून. या प्रथेला निष्काळजीपणा किंवा उधळपट्टी म्हणणे त्यामुळे अपुरे ठरते. तो किमतीच्या गणिताचाच भाग आहे.

ब्रिटनच्या बर्बेरी कंपनीने २०१७-१८ च्या वार्षिक अहवालात २ कोटी ८६ लाख पौंडांचा तयार माल नष्ट केल्याची नोंद केली होती. आदल्या वर्षीचा आकडा २ कोटी ६९ लाख होता. २०१७-१८ च्या रकमेतला सुमारे एक कोटीचा माल सौंदर्यप्रसाधनांचा होता, कारण तो व्यवसाय कॉटी कंपनीकडे सोपवल्यावर जुना साठा निरुपयोगी झाला होता. पाच वर्षांची बेरीज ९ कोटी पौंडांवर गेल्याच्या बातम्या जुलै २०१८ मध्ये झळकल्या आणि गदारोळ उठला. माल जाळताना निघणारी ऊर्जा वापरात आणतो, हे कंपनीचे स्पष्टीकरण कुणाच्या फारसे पचनी पडले नाही. सप्टेंबरमध्ये बर्बेरीने ही प्रथा तत्काळ बंद केल्याचे आणि खरी फर वापरणे सोडत असल्याचे एकदमच जाहीर केले. कार्तिएची मालक असलेल्या रिशमाँ कंपनीनेही दुकानदारांकडे साचलेली घड्याळे परत विकत घेतली होती. त्यांतल्या काहींचे भाग पुन्हा कामी आले, बाकीची मोडली गेली. २०२१ मध्ये कोच या अमेरिकन कंपनीच्या कापून टाकलेल्या बॅगांचा व्हिडिओ पसरला, तेव्हा दुकानात परत आलेला खराब माल आपण असा नष्ट करत होतो हे मान्य करून कंपनीने ते थांबवले.

कायद्याने पहिले ठोस पाऊल टाकले फ्रान्सने. तिथल्या फेब्रुवारी २०२० च्या कायद्यानुसार कपड्यांसह अनेक प्रकारचा न खपलेला माल नष्ट करण्यास १ जानेवारी २०२२ पासून बंदी आली. असा माल पुन्हा वापरात आणावा, दान करावा किंवा त्याचे पुनर्चक्रण करावे लागते. या तिसऱ्या पर्यायात मेख आहे. धड कोटाच्या चिंध्या करून त्यांचा धागा काढला, तरी ते पुनर्चक्रणच ठरते.

युरोपीय संघाने २०२४ च्या परिसरस्नेही उत्पादन नियमात ही फट बुजवली. त्यात वस्तू कचरा म्हणून पुनर्चक्रणाला देणे हाही नाशच मानला आहे. दुरुस्त करून पुन्हा वापरात आणण्यासाठी दिलेला माल तेवढा वगळला आहे. कपडे, कपड्यांच्या जोडवस्तू आणि पादत्राणे यांसाठी ही बंदी मोठ्या कंपन्यांना १९ जुलै २०२६ पासून आणि मध्यम कंपन्यांना २०३० पासून लागू. लहान कंपन्यांना सूट. आरोग्य किंवा सुरक्षिततेला धोका, माल नकली असणे, दान करू पाहिले तरी कुणी न स्वीकारणे अशा कारणांसाठी अपवादाची तरतूद आहे. प्रश्न फक्त उंची घराण्यांचा नाही. युरोपीय पर्यावरण संस्थेच्या २०२४ मधील अंदाजानुसार युरोपच्या बाजारात येणाऱ्या एकूण वस्त्रमालापैकी ४ ते ९ टक्के माल वापराविनाच नष्ट होतो.

डिझायनरच्या हाती यात मर्यादितच गोष्टी असतात, कारण किती नग शिवायचे हे बहुधा विक्री विभाग ठरवतो. तरीही गॅब्रिएला हर्स्ट, मारीन सेर यांच्यासारख्यांनी उरलेले कापड आणि जुने कपडे हाच कच्चा माल मानून संग्रह उभे केले. लुई व्हिताँची मालकी असलेल्या एलव्हीएमएच समूहाने आपल्या घराण्यांकडे उरलेली कापडे व चामडे इतरांना विकण्यासाठी २०२१ मध्ये ‘नोना सोर्स’ सुरू केले. तिथे विकला जातो तो कच्चा माल. घराण्याचे नाव लागलेली तयार वस्तू नव्हे. नाव न लागलेले कापड स्वस्तात विकल्याने कुठल्याच बॅगेचा भाव पडत नाही.

बंदीमुळे जाळणे थांबेल, पण गरजेपेक्षा जास्त शिवणे थांबेलच असे नाही, ही टीका रास्त आहे. नष्ट करता न येणारा माल दूरच्या देशांतल्या बाजारांत लोटला जाण्याची शक्यताही उरतेच. युरोपीय नियमातली जास्त बोचणारी तरतूद कदाचित वेगळीच असेल: न खपलेले किती नग आणि किती वजनाचा माल दरवर्षी टाकून दिला आणि का, हे मोठ्या कंपन्यांना जाहीर करावे लागते. बर्बेरीलाही अडचणीत आणले होते ते तिच्याच अहवालातल्या एका आकड्याने.